रिकिबीतला पाय आणि चाळीस फुटी पासोडी

मुकुंदराज आणि राजा जैत्रपाळ यांची एक आख्यायिका मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राजाला ब्रह्म पाहायचे होते आणि तेही ताबडतोब. एक पाय रिकिबीत टाकून दुसरा घोड्यावरून पलीकडे जाईपर्यंत जो ते दाखवील तो खरा साधू. ज्याला जमणार नाही त्याला चर खणायच्या कामावर जुंपायचे. कितीतरी साधू-बैरागी असे कामाला लागले. अखेर मुकुंदराज आले, राजाने रिकिबीत पाय ठेवला आणि तेवढ्या अवकाशात त्याला अनुभव आला. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. जनक आणि अष्टावक्र यांच्याविषयीही जवळपास हीच गोष्ट सांगतात, तेव्हा इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकता येणार नाही. तरीही वर्तमान क्षणात जगणे या विषयाचा अभ्यास सुरू करणाऱ्याने ती आधी ऐकावी असे मला वाटते, कारण या विषयाची ओढ आणि अडचण दोन्ही तिच्यात एकत्र आली आहेत. जे मिळवायचे ते दूर कुठे नाही, आत्ताच आहे, पाय उचलण्याइतक्या वेळात होण्याजोगे आहे, ही झाली ओढ. आणि राजाला घाई आहे, त्या घाईची किंमत मात्र चर खणणारे मोजत आहेत, ही अडचण. या प्रस्तावनेत मी दोन्हींबद्दल बोलणार आहे, आणि दुसरीबद्दल जरा सविस्तर, कारण तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

या अभ्यासाकडे येणारे आज अनेक वाटांनी येतात. कोणी इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे शिबिर करून आलेला असतो. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरे सुरू झाली. तेव्हापासून मराठी घरांत श्वासाकडे बघणे ही ओळखीची गोष्ट झाली. कोणी मानसशास्त्राच्या वर्गातून येतो. तिथे जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला, पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रुळलेला कार्यक्रम शिकवला जातो, आणि मॅथ्यू किलिंग्जवर्थ व डॅनियल गिल्बर्ट यांचा २०१० चा अभ्यासही हमखास निघतो. त्यात दोन हजारांहून अधिक माणसांना दिवसभरात अधूनमधून विचारले, आत्ता मन कुठे आहे? जवळजवळ निम्म्या वेळा ते हातातल्या कामावर नव्हते. आणि कोणी कीर्तनातून, पारायणातून येतो. त्याला ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय आठवतो, ज्याच्या आरंभीच ज्ञानदेव श्रोत्यांकडे फक्त लक्ष मागतात आणि त्या बदल्यात सगळ्या सुखाची हमी देतात. या सर्वांचे स्वागत आहे. माझे एवढेच म्हणणे, की यांपैकी कोणत्याही वाटेने आलात तरी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईवरून जा. हे आडवळण नाही. वर्तमानाचा अभ्यास मराठीत कसा मांडला, शिकवला आणि नजरेसमोर ठेवला गेला, हे तिथे जितके स्पष्ट दिसते तितके मला दुसरीकडे क्वचितच दिसले.

बालाघाटाच्या पठारावरचे हे गाव योगेश्वरीचे म्हणून कोकणातल्या कित्येक कुळांना ठाऊक असते. ती त्यांची कुलदेवी. निजामाच्या राज्यात याचे नाव मोमिनाबाद होते. गावाबाहेर दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' हा गुरुशिष्यसंवादाच्या रूपातला ग्रंथ. त्यातल्या कालनिर्देशानुसार तो शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ चा. हा शक धरला तर तो ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षे आधीचा ठरतो आणि मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचा मान मोठा होतो. काळाबद्दल आणि स्थळाबद्दलही विद्वानांत वाद आहेत. ग्रंथातले अंबानगर म्हणजे वैनगंगेकाठचे आंभोरे, असे विदर्भातले अभ्यासक हिरिरीने मांडतात. तो वाद इथे सोडवण्याची गरज नाही. आपल्या कामाची गोष्ट अशी, की मुकुंदराजांनी शांकर अद्वैत मराठीत आणताना वाचकाला वारंवार त्याच्या स्वतःच्या अनुभवाकडे वळवले. जाग, स्वप्न, गाढ झोप या तीन अवस्था तर प्रत्येकाच्या घरच्या आहेत. त्या कोणाला कळतात, हे शोधायला पोथीबाहेर पाहावे लागते. इथे मराठी ही सोयीपुरती निवडलेली नाही. स्वतःचा राग ज्या भाषेत येतो त्याच भाषेत तो ओळखायला शिकणे सोपे जाते, आणि तेच इथे घडते.

या ओळखण्याच्या पद्धतीला पंचीकरण म्हणतात. मराठीत यावर इतके लिहिले गेले आहे, की त्याला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावे लागते; पण आजच्या वाचकाने शब्द ऐकलेला असला तरी आतले गणित पाहिलेले नसते. म्हणून ते जवळून पाहू. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी ही पाच भूते. प्रत्येकाचे दोन अर्धे करायचे. एक अर्धा स्वतःकडे ठेवायचा, दुसऱ्याचे चार भाग करून उरलेल्या चार भूतांना एकेक द्यायचा. म्हणजे आपण ज्याला पृथ्वी म्हणतो त्यात निम्मी पृथ्वी आणि बाकी चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. मग देहात या मिश्रणाच्या पंचवीस जागा दाखवतात. पृथ्वीच्या वाट्याला हाड, मांस, त्वचा, नाडी, रोम. पाण्याच्या वाट्याला लाळ, मूत्र, घाम, रक्त, वीर्य. तेजाच्या ओळीत भूक, तहान, आळस, झोप, मैथुन. वायूच्या ओळीत चालणे, वळणे, पसरणे, आखडणे, रोखणे. आणि आकाशाच्या ओळीत काम, क्रोध, शोक, मोह, भय. ग्रंथाग्रंथांत याद्या थोड्या बदलतात. समर्थ रामदासांच्या दासबोधात सतराव्या दशकातील तत्त्वनिरूपणात ही मांडणी आटोपशीर सापडते, आणि नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी.

पहिल्या वाचनात हे रूक्ष वाटते. भौतिकशास्त्र म्हणून वाचले तर ते आज टिकणारही नाही, आणि टिकवण्याचा अट्टहास करणाऱ्यांनी या विषयाचे नुकसानच केले आहे. याचा उपयोग निराळा आहे. साधकाने बसल्या जागी आपल्यात आत्ता काय चालले आहे ते बघायचे आणि त्याला त्याच्या ओळीत ठेवायचे. पोटात कालवते आहे: तेज. पाय अवघडून आखडला आहे: वायू. शेजारी बोलला ते डोक्यात घोळते आहे: आकाश, क्रोध. प्रत्येक वेळी एक गोष्ट लक्षात येते, की जे ओळीत ठेवता आले ते समोर होते, पाहिले जात होते. पाहणारा त्याच्याहून वेगळा निघाला. सगळी यादी अशी हातावेगळी केल्यावर मागे जो उरतो त्याला हे ग्रंथ साक्षी म्हणतात. विपश्यना करणारा इथे थांबून हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. बौद्ध परंपरेत संवेदना उठते, जाते, एवढेच पाहायचे असते. पाहणारा असा कायमचा कोणी मागे ठेवायचा नसतो. हा मतभेद दीड-दोन हजार वर्षांचा आहे आणि तो शब्दांचा खेळ नाही. पण पहिल्या काही वर्षांच्या अभ्यासात दोन्ही घरचे विद्यार्थी जे करतात ते बरेचसे सारखे असते, हेही मी आग्रहाने सांगेन.

आता आकाशाच्या ओळीकडे पुन्हा पाहा, कारण माझ्या मते या सगळ्या वाङ्मयाचे मर्म तिथे आहे. शोक होतो तो गेलेल्याचा. भय वाटते ते येणाऱ्याचे. काम म्हणजे अजून न मिळालेल्याची ओढ. तिन्ही आत्ताच्या बाहेर नेणाऱ्या गोष्टी. तरीही पंचीकरणाने त्यांना हाडामांसाच्या, भुकेतहानेच्या पंगतीत बसवले आहे. म्हणजे गेलेला माणूस भूतकाळात आहे, पण त्याचा शोक आत्ताचा आहे, त्वचेइतकाच आत्ताचा. उद्याच्या हप्त्याचे भय आजचे आहे. ज्यांना वाटते की वर्तमानात राहायचे म्हणजे आठवणी बंद करायच्या आणि उद्याचा विचार सोडायचा, त्यांची गल्लत इथे सुटते. आठवण हाकलायची नसते. ती आत्ता आली आहे एवढे ओळखायचे असते. इ.स. ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनाच्या अकराव्या भागात काळाचा विचार करताना असेच काही म्हटले: गेलेल्याचे वर्तमान म्हणजे स्मृती, असलेल्याचे वर्तमान म्हणजे अवलोकन, येणाऱ्याचे वर्तमान म्हणजे अपेक्षा. तो आणि आपले पंचीकरणकार यांची भेट होण्याचा संभव नाही. दोन दूरच्या परंपरांना एकच गोष्ट दिसावी, यावरून ती पाहण्याजोगी आहे एवढे तरी मान्य करायला हरकत नसावी.

मुकुंदराजांनंतर काही शतकांनी याच गावात दासोपंत आले. जन्म १५५१ चा, नारायणपेठचा. समाधी १६१५ ची, अंबाजोगाईची. त्यांचे लेखन प्रचंड आहे. 'गीतार्णव' हे एकट्या गीतेवरचे त्यांचे भाष्य सव्वा लाख ओव्यांचे मानले जाते. दररोज ढबू पैशाची शाई त्यांना लागे असे सांगतात. पण आपल्याला हवी ती त्यांची पासोडी. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड सुती कापड. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरणाच्या सोळाशेच्या आसपास ओव्या आकृत्यांसह लिहिल्या. न. शे. पोहनेरकरांनी ती संपादित करून अभ्यासकांपुढे आणली. मराठीतल्या जुन्या हस्तलिखितांत असे दुसरे काही मला माहीत नाही.

कागद उपलब्ध असताना कापड का घेतले असेल? एक उत्तर समोरच आहे. पोथीचे पान उलटले की मागचे झाकले जाते. कापड पसरले की सगळी तत्त्वे एका सपाटीवर उघडी असतात, आणि आकृतीत कोणाचा संबंध कोणाशी ते डोळ्यांना दिसते. पण ते एका नजरेत मावत नाही. चाळीस फूट वाचायचे तर माणसाला उठून बाजूने सरकावे लागते, वाकावे लागते, पुन्हा मागे यावे लागते. भूक, तहान, चालणे, वळणे यांच्याबद्दल वाचताना वाचणारा स्वतः चालत आणि वळत असतो. रिकिबीतल्या पायाच्या कथेला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. क्षण आत्ताचा असला तरी तो ओळखायची सवय सावकाश लागते. दासोपंतांनी ती हातांनी लिहून काढली आणि वाचणाऱ्याच्या पायांना शिकवली.

दासोपंतांच्या चरित्रात आणखी एक प्रसंग आहे, तो भक्तीची कथा म्हणून सांगितला जातो आणि तिथेच सोडला जातो. त्यांचे वडील दिगंबरपंत हे महसूल पाहणारे देशपांडे. दुष्काळ पडला, सारा वसूल झाला नाही, आणि बीदरच्या सुलतानाने थकबाकीपोटी तरुण दासोपंतांना ओलीस ठेवले. मुदत ठरली, मुदतीत पैसा आला नाही तर धर्मांतर. अखेरीस दत्तात्रेयांनीच पाडेवाराच्या, म्हणजे गावच्या सेवकाच्या, रूपात येऊन रक्कम भरली, अशी श्रद्धा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी जे उरते ते फार ओळखीचे आहे: पाऊस न झालेला मुलूख, डोक्यावर बाकी, आणि त्या बाकीपोटी अडकवलेले एक तरुण शरीर. ज्याने पुढे आयुष्यभर देहाच्या पंचवीस जागा मांडल्या, त्याचा स्वतःचा देह एकदा तारण म्हणून ठेवला गेला होता.

या ओळखीमुळेच बीड जिल्ह्यात हा विषय शिकवताना ऊसतोडीकडे पाठ फिरवता येत नाही. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात. त्याआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोजदाद कोयत्याची होते, माणसांची नाही. उचल लग्नात, दवाखान्यात, मागची बाकी फेडण्यात संपलेली असते. म्हणजे पुढचे पाच-सहा महिने जगण्याआधीच विकले गेलेले असतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, रोज पहाटेच्या अंधारात तोड, मोळ्या, गाडी भरणे. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. एक दिवस अंग दुखले म्हणून कोपीत थांबले तर खाडा: त्या दिवसाची मजुरी गेली, वर दंड.

आता तेजाची ओळ पुन्हा वाचा. भूक, तहान, आळस, झोप. ज्या गोष्टी पंचीकरणाने माणसाच्या सर्वांत जवळच्या, सर्वांत आत्ताच्या म्हणून दाखवल्या, त्याच उचल घेतलेल्या माणसाला रोज बाजूला ठेवाव्या लागतात. पाण्याच्या ओळीतले रक्तही. मासिक पाळीत खाडा पडू नये, दुखणे कामाच्या आड येऊ नये, अशा कारणांनी गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. ज्या विषयात शरीराकडे लक्ष द्यायला शिकवले जाते, त्या विषयाच्या अभ्यासकाने हा आकडा वाचून पुढे जाऊ नये. शरीराकडे लक्ष देण्याची मुभा नसणे हाही याच विषयाचा भाग आहे, आणि तो अजून नीट लिहिला गेलेला नाही.

थोडे काम दुसरीकडे झाले आहे. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शाफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेच शेतकरी, त्याच चाचण्या. एकदा तोडणीआधी पैशाची ओढाताण असताना, एकदा तोडणीनंतर पैसा हातात आल्यावर. ओढाताणीच्या काळात बुद्धी आणि लक्ष यांच्या चाचण्यांत ते मागे पडले. निष्कर्षाच्या अर्थावर पुढे वाद झाले, आणि हे शेतकरी आहेत, तोडणी कामगार नाहीत, हा फरक मोठा आहे. तरी त्यातून एक गोष्ट पक्की घ्यावी. लक्ष विचलित होणे हा माणसाच्या स्वभावाचा दोष असतोच असे नाही. पुष्कळदा तो त्याच्या परिस्थितीचा भार असतो. हे ध्यानात न घेता कोणी ऊसतोड कामगाराला वर्तमानात राहा म्हणून उपदेश करू लागला, तर तो त्या रिकिबीतल्या राजाच्या जागी उभा आहे असे समजावे.

याचा अर्थ असा नव्हे की पोट भरलेल्यांसाठीच हा अभ्यास आहे. मुकुंदराजांनी तो संस्कृताबाहेर काढला तो सर्वांना मिळावा म्हणूनच. बीडच्या गावागावांत काकडा, हरिपाठ, सप्ताह चालतात. दिवसभर राबलेली माणसे तिथे टाळाच्या ठेक्यावर तासन्‌तास उभी राहतात, आणि त्यांचे लक्ष किती एकवटलेले असते हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की या माणसांकडे शिकवण्याआधी शिकायला जावे.

नव्याने येणाऱ्यांना दोन-तीन व्यावहारिक गोष्टी सांगतो. दासबोधातले तत्त्वनिरूपण आधी वाचा, मग विवेकसिंधु. 'गीतार्णवा'त पहिल्याच वर्षी उडी घेऊ नका. बौद्ध बाजूचे सतिपट्ठान सुत्त समांतर ठेवा. त्यातही काया, वेदना, चित्त, धर्म असे क्रमाने जायचे असते, आणि ते वाचले की पंचीकरणाची मांडणी अधिक उठून दिसते. ध्यानाला बसल्यावर जुने घाव उसळून येतात असा अनुभव ज्यांना येतो त्यांनी एकट्याने रेटू नये. जाणत्या शिक्षकाशी आणि गरज असेल तर डॉक्टरांशी बोलावे. पासोडीचे छायाचित्र पाहून समाधान मानू नका. अंबाजोगाईला जा, दासोपंतांच्या परंपरेतल्या लोकांशी आदराने बोला, आणि पाहायला मिळाली तर पुरेसा वेळ द्या.

आणि या अभ्यासात सगळ्यात मोठे काम जे राहिले आहे ते उन्हाळ्यात करण्याजोगे आहे. पट्टा पडला की माणसे गावी परततात. तेव्हा कोयता खाली असतो आणि पुढची उचल अजून घ्यायची असते. त्या दिवसांत बीड, धारूर, वडवणी, केजकडच्या गावांत बसावे. वर्तमान, साक्षी, ध्यान हे शब्द पिशवीतच ठेवावेत. फडात झोप किती लागायची, तहान लागली तर पाणी कुठून यायचे, पाळीच्या दिवसांत बायका काय करायच्या, मोळी बांधताना मनात काय चालायचे, घर कधी आठवायचे, हे तेजाच्या आणि आकाशाच्या ओळींतलेच प्रश्न आहेत. ते विचारावेत, आणि बायका आधी बोलतील असे बघावे. उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवल्याखेरीज कुठे छापू नये.